न कापलेल्या सोळा पानांसाठी महाळुंग्याला

प्रवासाला निघणारे लोक डोंगराच्या ओढीनं निघतात, देवाच्या ओढीनं निघतात, काही जण बायकोशी भांडून निघतात. मी महाळुंग्याला गेलो तो निव्वळ जळफळाट होऊन. सत्तावन्न सालचा चैत्र होता, नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, आणि ज्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं अशा एका माणसाच्या नावानं माझ्या पोटात दुखत होतं.

मागच्या लेखाखाली दोघातिघांनी विचारलं होतं, की तुम्ही पिंपरी-चिंचवडला इतकी वर्षं काढलीत तर तिकडच्या जुन्या भटकंतीवर काही लिहा. लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो, यात किल्ला नावापुरता आहे आणि धबधबा अजिबात नाही. चिंचवड ते महाळुंगे, भाड्याची सायकल, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि हे सगळं रहस्यकथेच्या एका पुस्तकासाठी.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. बार्शीहून येऊन पिंपरीच्या औषध कारखान्यात लागलो होतो. काम बाटल्या खोक्यांत भरायचं. चिंचवड स्टेशनजवळ दोघांत मिळून एक खोली होती, आणि पाळी सुटल्यावर उरलेला सगळा जीव डिटेक्टिव्ह चक्रदेवात अडकलेला असायचा.

आजच्या वाचकांना चक्रदेव माहीत असायचं कारण नाही. त्या काळचे बाकीचे गुप्तहेर छपरावरून उड्या मारायचे, भिकाऱ्याचं सोंग घ्यायचे, दर चौथ्या पानाला पिस्तूल काढायचे. चक्रदेव कधी धावला नाही. खून झालेल्या घरात शिरताना तो चपला बाहेर काढायचा, आत जाऊन प्यायला पाणी मागायचा आणि पाणी कोण आणून देतं ते बघत बसायचा. तोंडात लवंग. बोलणं बेताचं. त्याचा लेखक वाचकाला फसवायचा, पण काही लपवून नव्हे. सगळं समोर ठेवायचा, पानावर, उजेडात, आणि तरी आपल्याला दिसायचं नाही. यापेक्षा मोठी कला मला आजही माहीत नाही. लोक मला थोर कादंबऱ्यांची नावं सांगतात, मी मान डोलावतो आणि मनात चक्रदेवाचा विचार करतो.

शेवटच्या प्रकरणाआधी मी पुस्तक मिटायचो आणि कागदाच्या कपट्यावर गुन्हेगाराचं नाव लिहून ठेवायचो. अठरा पुस्तकं वाचली, अठरा वेळा चुकलो. एकदा, फक्त एकदा, आपलं नाव बरोबर निघावं, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती.

आता त्या माणसाबद्दल. चिंचवडला काशीनाथशेठचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं आणि मागच्या भिंतीला त्यांनी वाचनालय थाटलं होतं. नवीन पुस्तकांचं पार्सल गुरुवारी मुंबईहून रेल्वेनं यायचं. चक्रदेवाचा मुंबईचा प्रकाशक मोठा कंजूष. पुस्तकांच्या कडा न कापताच तो ती बांधून पाठवायचा. सोळा सोळा पानांची घडी तशीच दुमडलेली असायची आणि पहिल्या वाचकानं ती चाकूनं कापून उघडायची. ज्यांनी असं पुस्तक कापत कापत वाचलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पुढचं पान या जगात अजून कुणी पाहिलेलं नाही, आपण पहिले. मला हे सुख कधीच मिळालं नाही. गुरुवारी मी तीनला पाळी संपवून धापा टाकत पोचायचो तोवर पुस्तक गेलेलं असायचं. रजिस्टरमध्ये माझ्या नावाच्या वर प्रत्येक वेळी एकच नोंद: सोपान, महाळुंगे.

हा सोपान गुरुवारी पिंपरी कॅम्पात भाजी घालायला बैलगाडी घेऊन यायचा, चिंचवडगावात बहिणीकडे बैलांना विसावा द्यायचा आणि जाता जाता शेठच्या दुकानात डोकवायचा. शेठला कांद्याची टोपली मिळायची आणि याला कोरं पुस्तक. दोन आठवड्यांनी ते माझ्या हाती यायचं तेव्हा सगळ्या कडा कापलेल्या, आणि त्याही अशा सरळ की आपल्याला राग यावा. पानांना कांद्याचा वास. मधेच एखादं लालसर टरफल. मी चक्रदेवाचा चेला, त्यामुळे या पुराव्यांवरून माणूस उभा केला होता: बागायतदार, पोट सुटलेलं, कांद्याच्या राशीशेजारी बाजेवर आडवा होऊन वाचतोय, आणि कामाला गडी आहेत.

त्या वर्षी ‘बिनदाराची खोली’चा तिसरा आणि शेवटचा भाग आला. पहिले दोन भाग मी पाठ केले होते. रावसाहेबांच्या बंगल्यात एक खोली, चारी बाजूंनी दगडी भिंत, दार नाही, खिडकी नाही. भिंत फोडतात तर आत रावसाहेबांचं प्रेत. संशय तिघांवर: पुतण्या, डॉक्टर आणि विधवा बहीण. अख्खं वर्ष मी यावर घालवलं होतं. भाग आला आणि अर्थातच महाळुंग्याला गेला. पंधरा दिवस झाले, परत आला नाही. सतरा झाले. मी रोज जाऊन शेठचं डोकं खायला लागलो, तेव्हा शेठनं वैतागून एक चिठ्ठी लिहून दिली, “पत्र घेऊन येणाऱ्यास पुस्तक लगेच द्यावे, मुदत संपली आहे.” म्हणाले, “जा, तूच घेऊन ये, आणि मला सोड.”

रविवारी उजाडायच्या आत निघालो. सायकल दिवसाला बारा आणे भाड्यानं, मागच्या चाकाला हवा थोडी कमी. खिशात चिठ्ठी आणि मुद्दाम धार लावून घेतलेला चाकू. पुस्तकातलं एखादं तरी पान कापायचं राहिलं असेल अशी आशा होती.

पिंपरी कॅम्पात पहिला थांबा घेतला. निर्वासित सिंधी मंडळींनी बराकींतून तेव्हा नुकती दुकानं मांडली होती, आणि सकाळी सकाळी एका ठिकाणी दाल-पकवान मिळायचं. पकवान म्हणजे मोठी कडक पुरी, वर हरभऱ्याची डाळ, चिंचेचं पाणी. दोन आण्यांत पोट भरायचं. चाकणपर्यंत मग काही खायला लागत नाही. आजही त्या बाजूला गेलात तर सकाळी दहाच्या आत जा, नंतर पकवान मऊ पडतात.

पिंपरीहून भोसरीचा रस्ता तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतांचा. भोसरीला चहा घेतला. हॉटेलवाल्यानं माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून विचारलं, “कंपनीचं दिसता. जमीन बघाया आला का?”

“नाही. महाळुंग्याहून पुस्तक आणायचंय.”

“पोथी?”

“खुनाची गोष्ट आहे.”

त्यानं कपबशी तशीच हातात धरली. “महाळुंग्यात खून झाला? आन् आमास्नी पत्त्या न्हाई?”

गोष्टीतला खून आहे, खरा नाही, हे पटवून देण्यात माझा चहा गार झाला. तरी निघताना तो शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “सायबाचा मानूस हाय, सांगत न्हाई.” मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मोशीला इंद्रायणी ओलांडली. पाणी बेताचंच, काठावर करंजाची सावली. तिथून चाकणपर्यंत चढ-उतार आहे आणि उन्हाळ्यात समोरून वारा येतो, सायकलवाल्यांनी हिशेबात धरावा. चाकणात शिरल्यावर कांद्याच्या गाड्याच गाड्या. किल्ल्याची पडकी भिंत रस्त्यावरूनच पाहिली. बघायला थांबलो असतो, पण चाळीस बैलगाड्यांतली एखादी सोपानची असेल या विचारानं माझं लक्षच नव्हतं. तळेगावच्या रस्त्याला लागून पुढे तासभर. रस्ता खडीचा, दोन ठिकाणी सायकल हातात धरून चालावं लागतं. आता तिथे दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती आहेत आणि ट्रकांची रांग. तेव्हा बाभळी होत्या.

गावाच्या तोंडाशी एक म्हातारबा बसले होते. मी सोपानचं घर विचारलं.

“कोनता सोपान? बुकवाला?”

म्हणजे याला गावात पदवीसुद्धा होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिंचवडात मला कुणी बुकवाला म्हणत नव्हतं, पॅकिंगवाला म्हणत होते.

“घरी न्हाई गावायचा,” म्हातारबा म्हणाले. “सावड हाय आज मळ्यात. वढ्याच्या कडंनं जावा, आवाज ऐकू यील.”

सावड म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. कांदा काढला की पात कापायची, लहानमोठा निवडायचा, हे एका घराचं काम नव्हे. मग सात-आठ घरं एकत्र येतात. आज तुझ्या मळ्यात सगळे, उद्या माझ्या. मजुरी नाही, कामाची फेड कामानं.

ओढ्याच्या कडेनं गेलो तर खरंच आवाज ऐकू आला. बाईचा आवाज. “‘डॉक्टरसाहेब,’ चक्रदेव शांतपणे म्हणाले, ‘आपण त्या रात्री पाणी प्यायलात, पण पेला उजव्या हातात धरलात.’” मी सायकलसकट जागच्या जागी थांबलो. हे मी वाचलेलं नव्हतं. तिसरा भाग.

मांडवाखाली कांद्याची रास, आणि भोवती पंधराएक बायका-पुरुष विळे घेऊन पात कापत बसलेले. मधे उपड्या घमेल्यावर एक तिशीची बाई, पदर खोचलेला, हातात माझं पुस्तक. माझंच म्हणायचो मी त्याला. ती वाचत होती आणि पंधरा विळे त्या लयीत चालले होते. चक्रदेवानं पाणी मागितलं तेव्हा शेजारच्या म्हातारीनं वर न बघता तांब्या पुढे केला, बाईनं घोटभर पाणी घेतलं आणि तसंच पुढे वाचलं. तिच्यापुढेही एक टोपली होती. प्रत्येक जण अधूनमधून आपले कापलेले चार कांदे तिच्या टोपलीत टाकत होता. वाचणं हे त्यांनी काम धरलं होतं, आणि तिच्या वाटणीचं काम बाकीचे भरून काढत होते. डोळे सगळ्यांचेच पाणावलेले, त्यातलं कांद्याचं किती आणि गोष्टीचं किती ते त्यांनाच माहीत.

प्रकरण संपलं तसा एक काटकुळा माणूस उठून माझ्याकडे आला. पोट बिट काही नाही. हाच सोपान. त्याला अक्षरओळख नव्हती. वाचणारी त्याची बायको, भागा, माहेरी चार यत्ता शिकलेली.

“या पाव्हणं, बसा. कंचं गाव?”

मला बसवलं, पाणी दिलं. मी काही बोलायच्या आत मांडवात वाद पेटला होता. एकजण म्हणत होता पुतण्याच. म्हातारी म्हणत होती, विधवा बहिनीवर आळ घेऊ नका रं, ती कशी मारंल. भागावहिनींनी शेजारच्याचा विळा घेतला, पुस्तकाची पुढची घडी बोटांनी चाचपली आणि विळा तसाच खाली ठेवला.

“आता शेवटची घडी ऱ्हायली,” त्या म्हणाल्या. “भाकरी झाल्यावर कापू.”

“तुम्हीसुद्धा नाही वाचली?” मी विचारलं. “पुस्तक सतरा दिवस घरात आहे.”

त्यांना प्रश्नच कळला नाही. “एकटीनं कशी वाचू भाऊ? सगळ्यांचं हाय की. आन् मला आधी कळलं तर वाचताना माझ्या आवाजात कळंल.”

खरं सांगतो, मला त्या क्षणी तिचा जितका हेवा वाटला तितका मी त्यानंतर कुणाचाही केला नाही. मी अठरा पुस्तकं खोलीत कुणी बोलू नये म्हणून पांघरुणात डोकं घालून वाचली होती. इथे पंधरा माणसं एका वाक्यावर अर्धा दिवस भांडत होती, आणि बाई चक्रदेवाचा आवाज काढायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. माझा चक्रदेव इथे जास्त चांगला दिसत होता. हे काही सहन होण्यासारखं नव्हतं. आणि त्यात ती सोळा पानं, कोरी, घडी न मोडलेली, माझ्यापासून दोन हातांवर.

मी चिठ्ठी काढून दिली.

भागावहिनींना जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी चिठ्ठीही मोठ्यानं वाचली. “पत्र घेऊन येणाऱ्यास पुस्तक लगेच द्यावे.” विळे थांबले.

सोपान म्हणाला, “दोन तास दम धरा पाव्हणं. भाकर खा आमच्यासंगं, शेवट ऐका, मग बुक न्या. आमी कुटं न्हाई म्हनतोय.”

दोन तास. एवढंच होतं. बसलो असतो, भाकरी खाल्ली असती, मलाही एक विळा मिळाला असता. पण मग ती सोळा पानं पंधरा लोकांबरोबर ऐकणारा मी सोळावा झालो असतो. दोन वर्षं मी या सोपानच्या मागे होतो, आणि आता हाता-तोंडाशी आलेला घास सोडायचा?

“मला थांबता येणार नाही,” मी म्हणालो. “दुसरी पाळी आहे.”

रविवारी कारखाना बंद असतो. पण मांडवात कुणाला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी पाहुण्याला खोटं पाडलं नसतं. एक म्हातारा म्हणाला, “कंपनीचं काम हाय, थांबून कसं चालंल. द्या गं बुक.” भागावहिनींनी पुस्तक पदरानं पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी दिलं. फडक्यात भाकरी आणि झुणका बांधून दिला, वर पाच-सहा कांदे. मला वाटतं शिव्या दिल्या असत्या तर मी थांबलो असतो.

मोशीपर्यंत मी पाय थांबवले नाहीत. इंद्रायणीच्या काठी करंजाखाली सायकल आडवी टाकली, आधी कपट्यावर ‘डॉक्टर’ असं लिहिलं, मग चाकू काढला. कापायची सवय नाही. पहिलंच पान वाकडं फाटलं. पण वाचलं. सोळा पानं, जगात पहिला मी.

आणि शेवट काय, तर रावसाहेबांना एक जुळा भाऊ होता. रंगूनला मेला असं सगळे समजत होते, तो मेला नव्हता. खोलीत जायला एक भुयार होतं. तिन्ही भागांत ना भावाचा उल्लेख, ना भुयाराचा. शेवटच्या चार पानांत भुयार खणून लेखक मोकळा झाला होता. भावाला फाशी. समाप्त.

मी दोनदा वाचलं. वाटलं, एखादं पान सुटलं असेल. मग भाकरीचं फडकं सोडलं. झुणका चांगला होता, पण दोन घास खाऊन फडकं पुन्हा बांधलं. नदीत दोन म्हशी बसल्या होत्या, त्यांच्याखेरीज सांगायला कुणी नव्हतं. चिंचवडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सायकलवाल्यानं मागचं चाक पाहून चार शब्द सुनावले. खोलीतल्या जोडीदारानं विचारलं, “मिळालं का पुस्तक?” मी मिळालं म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

पुढच्या आठवड्यात माझी खरोखरच दुसरी पाळी होती, त्यामुळे गुरुवारी सकाळी मोकळा होतो. पुस्तक परत करायला शेठच्या दुकानाकडे निघालो, तर बाहेर सोपान कांद्याची टोपली उतरवत होता. मला पाहून तोंडभर हसला. मला मात्र त्याच्याकडे बघवेना.

“तुमचा शेवट राहिला माझ्यामुळं,” मी म्हणालो.

“न्हाई राव, झाला की. त्याच दिशी.”

“कसा? पुस्तक तर माझ्याकडं होतं.”

सोपाननं आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. “भाकरी झाल्या आन् भागी घरात गेली. बुकाची दुसरी परत गावली म्हनून कागदात गुंडाळलेलं बुक घिऊन आली आन् लागली वाचाया. मला वाचाया येत न्हाई, पन पंचांग केवढं आस्तं ते मला ठाव हाय. मी गप बसलो.”

“पण का?”

“मानसं येळवाडीहून आल्ती शेवट ऐकाया. न्हाई वाचलं तर पाव्हण्याला बोल लागला आस्ता. बुक न्हेलं, शेवट न्हेला, आसं म्हनली आस्ती की.”

मी विचारलं, “मग काय शेवट केला वहिनींनी?”

सोपान टोपलीवर टेकला आणि मन लावून सांगायला लागला. चक्रदेव सगळ्यांना बंगल्यात जमवतो. म्हणतो, तुम्ही सगळे विचारताय की आत कोण गेलं. दार नसलेल्या खोलीचं हे विचारायचंच नसतं. “शेवटचा दगड भायेरनं कुनी बशिवला ते इचारा, म्हनला.” आणि मग तो त्या गवंड्याचं नाव घेतो.

गवंडी पहिल्या भागात होता. एका पानावर. बांधकामात चूक काढून रावसाहेब त्याला सगळ्या गावासमोर चाबकानं मारतात आणि तो मुकाट्यानं थापी उचलून पुन्हा भिंतीकडे वळतो. मी ते पान वीस वेळा वाचलं होतं. मला त्यात रावसाहेबांचा स्वभाव दिसला होता. खुनी दिसला नव्हता. रावसाहेब खोलीत असताना भिंत बांधून टाकणारा माणूस, आणि त्यानंतर महिनाभर त्याच बंगल्यात काम करणारा. सगळं समोर, पानावर, उजेडात. लेखकाला स्वतःच्या गोष्टीत जे दिसलं नाही ते उपड्या घमेल्यावर बसलेल्या बाईला हातात पंचांग धरून दिसलं होतं. मी शेठच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो आणि जळत होतो. इतका की तोंड कडू झालं.

“आता येक काम हाय,” सोपान म्हणाला. “भागीनं इचाराया सांगितलंय, कुनाला बोलू नका म्हनली. बुकात खरं काय हाय? तिला झोप न्हाई चार दीस. ती म्हनती, मी आपलं मनानं केलं, चक्रदेवाचं नाव खराब झालं का काय.”

पिशवीत पुस्तक होतं. काढून दाखवलं असतं तर त्याला वाचता येत नव्हतं, पण बायकोला नेऊन दिलं असतं. मी एवढंच म्हणायचं होतं की नाही, पुस्तकात जुळा भाऊ आहे, भुयार आहे. आणि हे म्हणायची मला फार इच्छा झाली, कारण तिच्या वेगळ्या शेवटाला चूक ठरवण्याचा हक्क जगात फक्त माझ्याकडे होता.

“गवंडीच,” मी म्हणालो. “पुस्तकात गवंडीच आहे. सांगा त्यांना.”

सोपानचा चेहरा असा फुलला की मला लगेच पश्चात्ताप झाला. “आन् धरतो का सोडतो? तिनं सोडला त्याला. ‘मी दगडांचा मुनीम न्हाई,’ म्हनला चक्रदेव, आन् चपला घालून निघून गेला.”

“सोडतो,” मी म्हणालो. “असंच आहे.”

पुस्तक मी परत केलं नाही. हरवलं म्हणून शेठना सांगितलं, त्याची किंमत दिली, आणि दुसरी प्रत मागवू नका, शेवट टाकाऊ आहे, असं बजावलं. ते वाकड्या कापलेल्या सोळा पानांचं पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे. घरातल्या कुणाला मी ते वाचू देत नाही. चक्रदेवाची पुढची पुस्तकं आली, मी वाचली, कपटे लिहिले, चुकलो. सोपानचं नाव रजिस्टरमध्ये माझ्या वरच राहिलं.

तुम्हाला महाळुंग्याला जायचं असेल तर आता चांगला रस्ता आहे, गाडी थेट जाते, मात्र पाळी सुटायची वेळ टाळा. मळा कुठे होता ते मला सापडलं नाही. मी एकदा शोधून आलो.

भागावहिनी मला त्यानंतर एकदाच भेटल्या, दहा-बारा वर्षांनी, थेरगावात एका लग्नात. केस पिकायला लागले होते. त्यांनीच मला ओळखलं. पंगतीत माझ्या शेजारी बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग वाटीतली बासुंदी बोटानं ढवळत हळूच म्हणाल्या, “भाऊ, कुनाला सांगितलं न्हाई मी कधी. पन जवा कवा मन खट्टू होतं ना, तवा आठवते, की येकदा चक्रदेवाला जे कळलं ते मलाबी कळलं हुतं. त्यानं सांगायच्या आधी.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हणालो, “व्हय वहिनी, तुम्हाला कळलं होतं,” आणि वाढप्याला हाक मारायच्या निमित्तानं उठून पलीकडच्या पंगतीत जाऊन बसलो.